पाहुण्याला हाकलू नये

मी एक वही बोलतेय. जाड पुठ्ठ्याची, दोनशे पानी, कोपऱ्यावर चहाचा डाग पडलेली. दिसायला अगदी साधी, पण माझ्या पोटात एक अख्खा धर्म आहे. घाबरू नका, तो खोटा आहे. निदान माझ्या मालकाने तो खोटा म्हणूनच लिहिला होता.

माझा मालक कादंबऱ्या लिहितो. कुठेच नसलेल्या एका राज्याची गोष्ट, पाच भागांची. तिथल्या लोकांना देव हवा, नियम हवेत, शपथा हव्यात. पहिल्या भागात दिवा विझवून प्रार्थना करणारे लोक तिसऱ्या भागात दिवा लावून करू लागले, तर वाचक पत्रं पाठवून जीव नकोसा करतात. म्हणून त्याने मला आणलं. ठरेल ते माझ्यात उतरवायचं आणि मग त्याला हात लावायचा नाही. देव ठरवायला त्याला एक दुपार पुरली. लोक चपला घ्यायलासुद्धा याहून जास्त वेळ घालवतात.

घरात दोघंच, तो आणि त्याची थोरली बहीण. आईवडील लवकर गेले तेव्हा ताईनेच त्याला वाढवलं. त्या नादात तिचं स्वतःचं लग्न राहूनच गेलं. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, त्यामुळे छापखान्यासाठी स्वच्छ प्रत तीच करायची. लिहिताना तिचे ओठ हलायचे. मला वाटायचं, ती मजकूर जुळवून पाहतेय. ती नियम पाठ करत होती, हे मला फार उशिरा कळलं.

चौथ्या भागात राणी मरायला हवी होती, आणि तिला मारणारं कुणी उरलं नव्हतं. चहा पिता पिता मालकाने सातवा नियम लिहिला: ‘आजार हा पाहुणा आहे. त्याला औषधाने हाकलू नये. काम झालं की तो आपणहून उठेल.’ झालं! राणीने औषध नाकारलं आणि बिचारी गेली.

"कशी आहे युक्ती?" त्याने विचारलं.

"युक्ती काय म्हणतोस? किती खरं आहे ते," ताई म्हणाली. त्याला ते कौतुक वाटलं आणि तो खूश झाला.

वर्षभराने ताईच्या काखेत गाठ आली. तिने चकार शब्द काढला नाही. मालक बाहेर गेला की ती मला उघडायची, सातव्या नियमावर तळहात ठेवायची आणि डोळे मिटून बसायची. गाठ मोठी होत होती. मला सगळं दिसत होतं, पण माझ्या तोंडात लोक घालतात तेवढेच शब्द.

उजवा हात उठेना तेव्हा कुठे मालकाला कळलं. तो तिला ओढतच डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय, पण आजच उपचार सुरू केले तर अजून काही वर्षं हाती लागतील. ताईने मान हलवली. नाही म्हणजे नाही. पाहुण्याला हाकलायचं नाही.

"अगं, मी बनवलंय ते! याच खुर्चीत बसून!" घरी आल्यावर तो ओरडला.

"माहितीय. चहा मीच आणून दिला होता."

"मग?"

"लिहिलंस तू रे. पण तुला सुचवलं कुणी?"

शब्दांवर पोट भरणारा माणूस, शब्दांकडेच वळला. दुसऱ्या दिवशी त्याने सातव्या नियमाखाली एक ओळ घुसवली: ‘पाहुणा घर बळकावू लागला, तर त्याला हाकलणं हेच पुण्य.’ ताईने चष्मा लावून ती वाचली.

"छापलेल्यात हे नाही."

"पाचव्या भागात घालतो की."

"राणीला नव्हतं ना सांगितलंस? मग मला कशाला?" मग त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "वहीत उतरलं की हात लावायचा नाही. तुझाच नियम आहे, बाळा."

मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षं माझ्यातली शाई जपली याचा मला अभिमान होता.

ती अंथरुणाला खिळली. एकदा सकाळी तिने मला मागून घेतलं आणि सातव्या नियमाचं पान उलटलं. मागच्या बाजूला नुसता मथळा होता, ‘मेल्यावर’, आणि खाली, ‘पुढे ठरवू’.

"मेल्यावर काय होतं रे आपल्यात?" तिने विचारलं. "हे कोरंच आहे."

आपल्यात! मालकाने पेन उघडलं. त्याने लिहिलं: ‘जो आधी जातो, तो दार उघडून ठेवतो. मागून येणाऱ्याला ठोठावावं लागत नाही.’

ताईने दोनदा वाचलं. "हे चांगलं लिहिलंस. एवढं मला कागदावर उतरवून दे. माझा हात उठत नाही."

जन्मात पहिल्यांदा त्याने स्वच्छ प्रत केली, एकेक अक्षर घोटून. तो कागद तिने मुठीत धरला. आठवड्याने ती गेली तेव्हाही तो मुठीतच होता. कुणी सोडवून घेतला नाही.

पाचवा भाग अजून लिहिलेला नाही. वाचकांची पत्रं येतात, ‘आम्हीही पाहुण्याला हाकललं नाही’ अशीसुद्धा. त्या प्रत्येकाला मालक उत्तर पाठवतो, हात जोडतो, डॉक्टरांकडे जा म्हणतो. मग मला उघडतो, सातव्या नियमाचं पान चिमटीत धरतो आणि ओढतो. थोडं फाटतं. मग तो पान उलटून मागची बाजू वाचतो आणि मला मिटून ठेवतो. पान एकच आहे.

मला त्याच्याशी बोलता आलं असतं तर एवढंच म्हणाले असते, मालक, फाडा. दाराची प्रत ताईंकडे आहे.