प्रामाणिक जोडी

डॉक्टरांनी तिच्या खांद्यावरची शाल काढून घेतली आणि दाराबाहेरच्या स्टुलावर टाकली.

“लोकरीत आवाज मुरतो,” ते म्हणाले. “पर्सही बाहेर ठेव. आणि तू तिकडे कोपऱ्यात उभी राहा. मधे मधे करू नकोस.”

“अहो, बसू द्या की वहिनींना,” दुकानदार म्हणाला. “शालीने कितीसा फरक पडतो!”

“तुम्हाला पडत नसेल.”

दुकानदार ओशाळं हसला. ती कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.

दुकानाच्या मागच्या बाजूची ही खोली फक्त ऐकण्यासाठी केलेली होती. खिडकी नाही, पायाखाली जाड गालिचा, भिंतींवर स्पंजचे करडे चौकोन. बोललेला शब्द तोंडातून निघाला की तिथेच विझायचा. समोर स्पीकरच्या तीन जोड्या मांडल्या होत्या. एक काळी, माणसाच्या छातीएवढी उंच. एक गुळगुळीत लाकडी. आणि एक लहान, पांढरी, दवाखान्यातल्या कपाटासारखी कोरडी. त्यांच्यासमोर बरोबर मध्यावर एकच खुर्ची. डॉक्टर तिच्यात बसले, पाठ ताठ केली, डोळे मिटले आणि बोटाने खूण केली.

गाणं सुरू झालं. साथीला काही नव्हतं. एका कोवळ्या मुलीचा आवाज, संथ, जरासा धीट, दुसऱ्या ओळीआधी घेतलेला श्वास. शेवटचा सूर ओसरला तसं डॉक्टरांनी पुन्हा बोट उचललं आणि दुकानदाराने यंत्र थांबवलं.

“पिंपात तोंड घालून गातेय असं वाटतं,” डॉक्टर म्हणाले. “ही काळी बाद.”

“पण गळा काय आहे, डॉक्टर! वा!” दुकानदाराने वळून कोपऱ्याकडे पाहिलं. “वहिनींचाच ना?”

डॉक्टर इतके मोठ्याने हसले की त्यांना खोकला आला.

“हिचा? गाढवाला गुळाची चव काय, साहेब! ही दुसरी. हा आमच्या पहिलीचा आवाज. हिची थोरली बहीण.”

दुकानदाराने जीभ चावली. तो वाकून कुठलीशी वायर तपासू लागला.

ती भिंतीवरचे चौकोन बघत राहिली. माहेरी तिला धाकटी म्हणत आणि या घरातही तेच नाव चालत आलं होतं. ताई गेली तेव्हा डॉक्टर एकटे पडले, आणि ही शाळेत गणित शिकवत, बिनलग्नाची, आईवडिलांच्या जिवाला घोर लावून बसलेली. दोन अडचणी एकमेकींना जोडल्या की दोन्ही सुटतात, असा हिशेब मोठ्यांनी मांडला. लग्नात नणंद सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली होती, “कानामागून आली आणि तिखट झाली.” तिखट होण्याची संधी मात्र तिला मिळाली नाही. इतकी वर्षं ती त्यांना भाऊजी म्हणत आली होती. ती हाक सुटली, पण तिच्या जागी दुसरी कुठली आली नाही.

“साखरपुडा झाला आणि मी शिकायला लांब गेलो,” डॉक्टर दुकानदाराला सांगत होते. ही गोष्ट ते प्रत्येकाला सांगत, खुर्चीत आ वासून पडलेल्या पेशंटलासुद्धा. “मी लिहिलं, पत्रं पुरे, आता आवाज पाठव. तर तिने कॅसेट पाठवली. वसतिगृहातली पोरं रडायची ऐकून. आणि लग्नानंतर? एकदाही गायली नाही. कितीदा विनवलं. म्हणायची, आता गळा राहिला नाही. संसारात गेला हो तो गळा.”

“मोठा त्याग,” दुकानदार म्हणाला.

“त्यागच. लावा पुढची.”

लाकडी जोडीवर आवाज मऊ झाला, दुधावर साय यावी तसा. डॉक्टरांच्या मिटल्या पापण्यांखाली ओल आली. गाणं संपताच बोट वर गेलं. एवढ्यात त्यांचा फोन वाजला. दवाखान्यातली नर्स होती. कालच्या कुणा पेशंटचा गाल सुजला होता. डॉक्टर उठले.

“तू बस इथे,” दाराशी पोचल्यावर ते तिला म्हणाले. “लहानपणापासून ऐकलंयस तिला. ती पांढरी नीट ऐक आणि सांग, ताई कशात खरी वाटते ते. तेवढं तरी जमेल ना?”

ती मधल्या खुर्चीत बसली. दुकानदाराने पांढरी जोडी जोडली.

“ही जोडी फार प्रामाणिक आहे, वहिनी,” तो म्हणाला. “रेकॉर्डिंगमध्ये जे असेल ते सगळं बाहेर काढते. वाईटसाईटसुद्धा. म्हणून पुष्कळांना नको असते.” बाहेर गिऱ्हाइकाची चाहूल लागली तसा तो गाणं सुरू करून निघून गेला.

दोन पांढऱ्या खोक्यांच्या मधोमध, रिकाम्या हवेत, एक मुलगी उभी राहिली आणि गाऊ लागली.

धाकटीने मांडीवरचे हात घट्ट धरले. ती मुलगी म्हणजे ती स्वतःच होती. माहेरच्या मधल्या खोलीत, दार लावून, टेपरेकॉर्डर पलंगावर ठेवून ती गायली होती, आणि ताई बटणावर बोट ठेवून समोर बसली होती. ताईला सूर लागत नसे. घरात ते सगळ्यांना ठाऊक होतं. “एवढं एकच गाणं,” ताई म्हणाली होती. “माझ्यासाठी. त्यांना काय कळणार आहे?” आणि लग्नाच्या आदल्या दिवशी, केस विंचरता विंचरता, “आता त्यांच्यासमोर गुणगुणूसुद्धा नकोस हं. शपथ आहे माझी.” धाकटीने शपथ पाळली. पुढे वर्गावर ओरडून ओरडून आवाज घोगरा झाला, तेव्हा पाळणं सोपं गेलं. ताई गेल्यावर, स्वतःचं लग्न होऊन या घरात आल्यावर, एकदाच भांडी विसळताना तोंडातून दोन सूर निघाले होते. डॉक्टर दारात येऊन उभे राहिले होते. “बंद कर,” ते म्हणाले होते. “या घरात गाणारी एकच होती. तुझा आवाज पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आहे.”

गाणं संपलं. थांबवायला कुणी नव्हतं. टेपची खरखर सुरू राहिली आणि त्या खरखरीच्या मागून, अगदी उजव्या हाताच्या कोपऱ्यातून, दबलेलं हसू आलं. मग कुजबुज. शब्द न् शब्द सुटा.

“छान गायलीस, धाकटे. त्या खुळ्याला वाटेल मीच.”

खट्ट. बटण.

ती कितीतरी वेळ उजवीकडच्या खोक्याकडे बघत बसली. ताई तसं म्हणाली होती हे तिला आता आठवलं. बटण आधीच दाबलं गेलंय असं दोघींनाही वाटलं होतं. जुन्या यंत्रावर ती कुजबुज खरखरीत बुडून गेली असणार. आणि डॉक्टर तर गाण्यापुढचं कधी ऐकतच नसत.

डॉक्टर परत आले. “नर्सला मीठ-पाण्याच्या गुळण्या सांगायलाही मीच लागतो,” ते पुटपुटले. “काय मग? मला तर लाकडीच पटली. काय गोडवा आहे!”

“आहे गोड,” ती म्हणाली.

“मग?”

“काही नाही. गोड तर कुणालाही लागतं.” ती खुर्चीतून उठली. “पांढरीत ताई अगदी समोर उभी राहिली. लाकडीत तसं नाही झालं. पण त्याला कान लागतो. घ्या तुम्ही लाकडीच.”

डॉक्टरांच्या कपाळावर आठी उमटली. त्यांनी पांढरी जोडी लावायला सांगितली, ऐकली, शेवटच्या सुराला बोट उचललं आणि दुकानदाराकडे असं पाहिलं, जणू वाद त्यांनीच जिंकला होता.

“मी पहिल्यापासून म्हणतोय,” ते म्हणाले. “हीच.”

रविवारी सकाळी दुकानाची माणसं येऊन जोडणी करून गेली. सोफा मागे सरकला, तिची शिवणाची पेटी बाहेरच्या खोलीत गेली, पडदे बदलले. डॉक्टरांनी स्वतः मोजायची फीत धरून दोन्ही खोकी भिंतीपासून सारख्या अंतरावर लावली आणि मध्यावर बसले. ती स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि कुणी न सांगता त्यांच्या शेजारी बसली. त्यांनी एक नजर टाकली, पण आज ते खुशीत होते.

गाणं सुरू झालं. डॉक्टर डोळे मिटून मान हलवू लागले. शेवटची ओळ आली. त्यांनी रिमोटसाठी हात पुढे केला तेव्हा रिमोट तिथे नव्हता. तो तिच्या मांडीवर होता.

“राहू द्या,” ती म्हणाली. “सगळं ऐका.”

तिने आवाज वाढवला.

खरखर खोलीभर पसरली. मग हसू आलं. मग ते वाक्य.

खट्ट.

डॉक्टरांनी डोळे उघडले नाहीत. मग ते उठले, उजव्या स्पीकरपाशी गेले आणि त्याच्या माथ्यावरून बोट फिरवून बघितलं, धूळ आहे का ते.

“दोष आहे या जोडीत,” ते म्हणाले.

“कसला?”

“मागे कुणीतरी बोलल्यासारखं येतं.”

“काय बोलल्यासारखं?”

“कळत नाही. घरघर आहे नुसती. माल खराब आहे. उद्या परत द्यायची आणि ती लाकडी आणायची.”

तिने रिमोट बाजूला ठेवला आणि गायला सुरुवात केली. आवाज चिरका झाला होता, वरचा सूर फुटत होता, पण ओळ तीच होती, आणि दुसऱ्या ओळीआधीचा श्वास त्याच जागी, तेवढाच. डॉक्टर पाठमोरे ऐकत राहिले. तिने दुसरी ओळ पुरी केली आणि थांबली.

“घसा बसलाय तुझा,” ते भिंतीला म्हणाले. “कमी बोलत जा.”

ते गुडघे टेकून स्पीकरमागे वाकले. रोज परक्यांच्या तोंडात सुई धरूनही न हलणारे त्यांचे हात वायरच्या एवढ्याशा पेचावरून घसरत होते. एकदा बोट निसटलं, पुन्हा निसटलं. खोकं डगमगलं तसं त्यांनी ते छातीशी कवटाळलं.

ती सोफ्यावरून बघत होती. उठली नाही.

“सावकाश काढा,” ती म्हणाली. “तुटली तर परत घेणार नाहीत.”