दाराआडची बहीण

‘...आणि दाराआड माझी बहीण,
किटलीच्या शिट्टीमागे लपलेली.’

ब्रायडन मास्तरांनी शेवटच्या दोन ओळी वाचल्या आणि पुस्तक गुडघ्यावर पालथं ठेवलं. मंगळवारचं काव्यमंडळ वाचनालयाच्या माडीवर जमलं होतं. खाली कुणीतरी परत आलेल्या पुस्तकांवर शिक्के मारत होतं, तेवढाच आवाज.

विल्मा इंग्लिसनं नाक पुसलं. ती बेकरीवाल्याची विधवा. दर मंगळवारी ती बॅनक, म्हणजे मनुका घातलेला गोड पाव, आणायची, आणि कविता कुठलीही असली तरी डोळ्यांतून पाणी काढायची.

“बाई गं,” ती म्हणाली, “मुलानं बापाला स्वतःच्या हातानं न्हाऊ घालायचं! आमचा पोरगा मला साधा चष्मा शोधून देत नाही.”

“तुझा चष्मा तुझ्या डोक्यावर असतो, विल्मा,” डॉड टेट म्हणाला. तो निवृत्त पोस्टमन. चौतीस वर्षं त्यानं सेल्कर्क या स्कॉटलंडमधल्या गावाचे चढउतार पायाखाली घातले होते आणि आता गुडघ्यांच्या नावानं बोटं मोडत होता.

सगळे हसले. कवीची थोरली बहीण नेटा थॉरबर्नही हसली. विल्मा मात्र तिच्याकडे वळली.

“नेटा, एक विचारू? तू आत का गं नाही गेलीस? भीती वाटली? अगं, वाटतेच. माझ्या आईच्या वेळी मीसुद्धा जिन्यातच बसून होते.”

मास्तर घाईघाईनं मध्ये पडले. “विल्मा, कवितेतला ‘मी’ म्हणजे कवी नव्हे. तीन वर्षं मी हेच सांगतोय.”

“मग कोण असतो?”

“कवितेतला मी. बोलणारा आवाज. कवीनं निर्माण केलेला.”

“म्हणजे कवितेतली बहीण म्हणजेही बहीण नव्हे?” नेटानं विचारलं. तिचा आवाज नेहमीसारखाच होता.

मास्तर चाचरले. “नाही. म्हणजे... तत्त्वतः नाही.”

“घ्या!” डॉड म्हणाला. “बहीण एकच, ती इथं समोर बसलीय, आणि तत्त्वतः ती नाहीच. मग नेटे, तुझ्या वाट्याचा बॅनक मी उचलू का?”

“हात तर लावून बघ,” नेटा म्हणाली, आणि विषय तिथंच मिटला.

नेटा अडुसष्ट वर्षांची होती. पंधराव्या वर्षी ती नदीकाठच्या गिरणीत रफू खात्यात लागली आणि गिरणीला कुलूप लागेपर्यंत तिथंच राहिली. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड उजेडाला तिरकं धरायचं, बोटं फिरवत तुटलेला धागा शोधायचा आणि तो सुईनं असा भरायचा की विणणाऱ्यालाही कळू नये, हे तिचं काम. लग्न केलं नाही. म्हणजे ठरलं होतं एकदा, पण आई गेली, बाबांना दम्यानं धरलं आणि तो माणूस वाट बघून बघून कॅनडाला निघून गेला.

कवितेशी तिचा संबंध उशिरा आला. धाकटा भाऊ ॲडम एडिंबरात शिकला, तिथंच प्राध्यापक झाला, त्याची पुस्तकं येऊ लागली. भावाचं पुस्तक घरात पडून राहिलेलं बरं दिसत नाही म्हणून ती वाचायला बसली. पहिल्याच पानावर तिला आईच्या गावबोलीतला एक शब्द भेटला. पावसात भिजून कुडकुडणाऱ्या मेंढराला आई जो शब्द वापरायची, तो. शाळेत हा शब्द तोंडातून गेला म्हणून तिनं हातावर चामड्याचा पट्टा खाल्ला होता. आणि इथं तो छापलेला, जाड कागदावर! तिनं तो तीनदा मोठ्यानं म्हटला. मग ती दुसऱ्या कवींची पुस्तकं आणू लागली. बेटांवरचे, ग्लासगोच्या चाळींमधले, कुणी गावच्या बोलीत लिहिणारे, कुणी इंग्रजीत. मंगळवारचं मंडळ सुरू झालं तेव्हापासून तिचा एकही मंगळवार चुकला नव्हता. ती फार बोलत नसे. बोललीच तर एखाद्या शब्दावर बोट ठेवून म्हणायची, “हा इथं सैल बसलाय,” आणि मास्तर ती ओळ पुन्हा वाचून बघायचे.

‘कोमट पाणी’ ही कविता ॲडमच्या चौथ्या पुस्तकातली. त्या पुस्तकाला पारितोषिक मिळालं. कविता शाळेत लागली. मरणाच्या दारातल्या बापाला मुलगा पहाटे न्हाऊ घालतो. बाप गिरणीतला रंगारी, निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी नखांच्या कडांतला निळा रंग गेलेला नाही. करंगळीचं पेर यंत्रानं नेलेलं. मुलगा मानेखाली हात घालून ओंजळीनं पाणी सोडतो, जसं कधीकाळी बापानं त्याला न्हाऊ घातलं होतं.

हे सगळं तसंच घडलं होतं. फक्त हात नेटाचे होते.

त्या पहाटे ॲडम एडिंबराहून येऊन पोचला होता. नेटानं घंगाळात पाणी काढलं, बाबांचा शर्ट सोडवला आणि हाक मारली, “ॲडम, जरा ये रे, मान धर त्यांची.” तो उंबऱ्यापर्यंत आला. बाबांच्या बरगड्या त्याला दिसल्या. “मी चहा टाकतो,” म्हणाला आणि मागे फिरला. दार अर्धवट लोटलेलं राहिलं. दुपारी बाबा गेले.

त्यावर दोघांत कधी बोलणं झालं नाही. आठ वर्षांनी पुस्तक टपालानं आलं. ‘नेटीस, प्रेमपूर्वक’ असं आत लिहिलेलं. कविता वाचून झाल्यावर ती बराच वेळ स्वयंपाकघरात उभी होती. राग आला, हे खरं. पण दुसरंही एक तिच्या लक्षात आलं. मानेवरून पाणी सोडताना ती अंगठ्यानं बाबांचा कान झाकत होती, आत पाणी जाऊ नये म्हणून. ते कवितेत होतं. म्हणजे तो चहा टाकत नव्हता. दाराच्या फटीतून शेवटपर्यंत बघत होता.

मार्च महिन्यात मास्तरांनी ॲडमला मंडळात वाचायला बोलावलं. तो आदल्या दिवशी दुपारीच आला. केस पांढरे झालेले, कोट महागाचा. नेटानं मटणाचं सूप केलं होतं, बार्ली घालून. त्यानं दोनदा मागून घेतलं.

“तुझ्या हातचं खाल्लं की वाटतं, मी उगीच शिकलो,” तो म्हणाला.

“शिकला नसतास तर रंगखात्यात लागला असतास. मग गिरणी बंद पडल्यावर माझ्याच डोक्यावर बसला असतास.”

तो हसला. मग चमचा ताटलीत ठेवून म्हणाला, “नेटी, तू त्या कवितेबद्दल कधी काही बोलली नाहीस.”

“कुठल्या?”

“माहीत आहे तुला कुठल्या.”

नेटानं पावाचे तुकडे टेबलावरून तळहातावर गोळा केले. “चांगली आहे. तिसऱ्या कडव्यात एक चूक आहे.”

“चूक?”

“साबणाचा फेस लिहिलायस तू. साबण नव्हता. कातडी फुटली होती त्यांची, साबण झोंबला असता. ओटचं पीठ मलमलीत बांधून पाण्यात सोडलं होतं मी. त्यानं पाणी दुधासारखं पांढरं होतं. दारातून तुला फेस वाटला असेल.”

ॲडमनं ताटलीतला चमचा सरळ केला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लहानपणीही तशाच व्हायच्या. नेटा उठली आणि वाडगे नळाखाली धुवायला घेतले.

“अजून घेतोस का?” तिनं पाठमोरी राहूनच विचारलं.

“नको,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी माडीवर खुर्च्या कमी पडल्या. शाळेतली मुलं आली, शिक्षिका आल्या, एरवी कवितेच्या वाटेला न जाणारे खाटीक आणि त्यांची बायकोही आली. ॲडम छान वाचायचा. आवाज न चढवता, गावचे शब्द गावच्याच उच्चारानं. डॉडनं एका कवितेला गुडघ्यावर थाप मारली. “हे बघा, ही आमची भाषा,” तो शेजारच्या पोरीला म्हणाला, “याच्यासाठी आम्ही मार खाल्लाय. तुम्हाला मार्क मिळतात!”

शेवटी विल्मा उठली. “‘कोमट पाणी’ वाचा ना. आम्ही त्याच्यासाठीच आलोय.”

“आज ती नको,” ॲडम म्हणाला. “दुसरी एक नवी आहे—”

“असं कसं? पोरं पाठ करून आलीत.”

त्यानं नेटाकडे पाहिलं. ती तिसऱ्या रांगेत बसली होती, पर्स मांडीवर. तिनं मान हलवून ‘वाच’ म्हटलं.

तो वाचू लागला. तिसऱ्या कडव्याशी आल्यावर त्यानं पुस्तकातलं वाचलं नाही. ‘साबणाचा फेस’ न म्हणता तो म्हणाला, ‘ओटच्या पिठानं दुधाळलेलं पाणी’. पुस्तक उघडून बसलेल्या मुलांनी माना वर केल्या. शिक्षिकेनं पेन्सिलीनं समासात काहीतरी टिपलं. शेवटच्या दोन ओळींपूर्वी तो थांबला. पेल्यातलं पाणी प्यायला. थांबणं जरा लांबलं तेव्हा मास्तर खुर्चीत चुळबुळले. नेटा त्याच्याकडे बघत राहिली.

‘आणि दाराआड माझी बहीण,’ त्यानं वाचलं. छापलं होतं तसंच.

टाळ्या झाल्या. विल्मानं नेटाचा हात दाबला. “मनाला लावून घेऊ नकोस हं. प्रत्येकीला जमतंच असं नाही.”

“हो गं,” नेटा म्हणाली.

सह्यांसाठी रांग लागली होती. नेटा खाली येऊन कोट चढवत होती, तेवढ्यात डॉड जिना उतरून आला, कठड्याला धरून, एकेक पायरी.

“त्या सकाळी मी तुमच्याकडे आलो होतो,” तो म्हणाला.

“कुठल्या सकाळी?”

“तुझे बाबा गेले त्या. उजाडता उजाडता पहिली फेरी होती, एका रजिस्टर पत्रावर सही हवी होती. दार ॲडमनं उघडलं. हातात किटली, डोळे सुजलेले. मागच्या खोलीत तू गुडघ्यांवर बसली होतीस, बाह्या वर करून. घंगाळ होतं शेजारी.”

नेटानं कोटाची गुंडी अर्धवट सोडली. “म्हणजे तुला पहिल्यापासून माहीत होतं.”

“हो.”

“आणि इतकी वर्षं विल्मा मला भित्री म्हणतेय, तेव्हा तू काय करत होतास?”

“बॅनक खात होतो,” डॉड म्हणाला. मग त्याचा चेहरा बदलला. “मी पोस्टमन माणूस, नेटा. पत्र ज्याचं त्यानं उघडायचं. तू म्हणालीस तर आत्ता वर जाऊन सांगतो. सगळ्यांसमोर.”

वरून हसण्याचा आवाज आला. ॲडम कुणा मुलीला तिच्या नावाचे हिज्जे विचारत होता.

“गुडघे दुखतायत तुझे,” नेटा म्हणाली. “परत जिना चढू नकोस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बहीणभाऊ बाजारचौकात बसची वाट बघत उभे होते. वारा होता. ॲडमनं कॉलर वर केली होती.

“पुढच्या आवृत्तीत मी शेवट बदलतो,” तो अचानक म्हणाला. “आत कोण होतं, बाहेर कोण होतं, जसं होतं तसं लिहितो. काल वाचता वाचता अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. धीर झाला नाही.”

“नको.”

“का?”

“बिघडेल कविता. दाराआड कुणीतरी लागतंच तिला. तू स्वतःला तिथं उभं केलंस की तू रडायला लागशील, आणि मग ती बाबांची राहणार नाही, तुझी होईल.” तिनं क्षणभर विचार केला. “साबण बदल. बाकी घट्ट आहे.”

तो तिच्याकडे बघत राहिला. एडिंबरात, वर्तमानपत्रांत, विद्यापीठात त्या कवितेबद्दल पुष्कळ बोललं गेलं होतं. असं कुणी बोललं नव्हतं.

“मग लोक तुला तसंच समजत राहतील.”

“समजू देत. खरं जिला ठाऊक असायला हवं ती मी घरातच असते.”

चढावरून बस दिसू लागली. ॲडमनं बॅग उचलली, पुन्हा खाली ठेवली.

“नेटी, तेव्हा बाबा काही बोलले का? शेवटी? मला दारातून नुसते ओठ हलताना दिसले.”

नेटाला ते शब्द पाठ होते. पाणी मानेवरून खाली येताना बाबांनी डोळे न उघडता म्हटलं होतं, “ॲडम, आलास होय रे? फार हलका हात आहे तुझा.” आणि नेटानं अंगठा त्यांच्या कानावर तसाच ठेवून म्हटलं होतं, “हो, बाबा. आलो.” मग त्यांच्या कपाळावरची आठी गेली होती. हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगितलं असतं, तर बस सुटायच्या आत ॲडमनं खिशातली वही काढली असती. आणि कविता चांगली झाली असती, यात तिला शंका नव्हती.

“नाही रे,” ती म्हणाली. “श्वास लागला होता त्यांना.”

त्यानं मान हलवली, तिच्या गालाला गाल लावला आणि बसमध्ये चढला. तो पलीकडच्या बाजूला बसला. काचेतून तिला फक्त त्याचा पांढरा माथा दिसला. बस वळणावरून उताराला लागली. नेटानं हातमोजे चढवले. बेकरीचं दार अजून उघडायचं होतं. पाव घ्यायचा होता, म्हणून ती पायरीशी थांबून राहिली.