बाल्कनीतली बायको

रेमोला जाऊन दोन वर्षं झाली आणि मग इल्डाला कळलं, की आपल्या नवऱ्याला आणखी एक बायको आहे. ती बायको म्हणजे मॉरीन. दुसरी कुणी असती तर इल्डाने गोड मानून घेतलं असतं असं नाही, पण मॉरीन म्हणजे अगदीच कहर होता.

दोघी बेलमाँट हॉलमध्ये प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम करायच्या. इल्डाकडे बाल्कनी, मॉरीनकडे खालचा मजला. व्हँकुव्हरमध्ये ज्याला म्हणून गाण्याबजावण्याची आवड आहे, तो कधी ना कधी या दोघींपैकी एकीच्या बॅटरीच्या उजेडात आपल्या खुर्चीपर्यंत गेलेला असणारच. मॉरीन नोव्हा स्कोशियाकडची, उंच, लालसर केसांची, आणि तोंडाला कुलूप म्हणून नाही. इल्डा बुटकी, इटलीतल्या फ्रिउलीची. जो माणूस मोठा मग भरून पाणचट कॉफी पितो त्याच्यावर पूर्ण भरवसा टाकू नये, असं तिचं ठाम मत होतं. मॉरीन तर चहा प्यायची, तोही दूध घालून. तरी इतकी वर्षं दोघींचं बरं चाललं होतं. कामावरच्या मैत्रीत जेवढी कुरबुर चालते तेवढीच चालायची.

त्या दिवशी मध्यंतर संपलं, दारं लागली, आणि दोघी मागच्या खोलीत येऊन बसल्या.

"या रविवारी मी इथेच आहे, पण पाहुणी म्हणून," मॉरीन म्हणाली. "त्या चांदण्यावाल्यांनी बोलावलंय."

"कोण चांदण्यावाले?"

"अगं, 'दहावा चंद्र'वाले. आपल्या हॉलमध्ये शूटिंग झालं होतं बघ त्या मालिकेचं. तिला वीस वर्षं झाली म्हणून सगळे जमणार आहेत. मी बाल्कनीत बसायचं, मिठाच्या राखणदाराची बायको म्हणून."

"हा कोण बुवा राखणदार?"

मॉरीनने ढवळून झालेला चहा पुन्हा ढवळला. "म्हणजे आपला रेमो," ती म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. 'दहावा चंद्र'मध्ये माणसं घरदार सोडून जहाजांतून अंतराळात भटकत असतात. त्यांच्यातलं कुणी मेलं, की ते एका ओसाड ग्रहावरच्या पूर्वजांच्या सभेत जाऊन बसतं. ती सभा म्हणजे बेलमाँट हॉल. तोच सोनेरी घुमट, तीच लाल खुर्च्यांची बाल्कनी. कप्तान खाली रंगमंचावर एकटी उभी राहते आणि वरून सगळे मेलेले तिच्याकडे बघत बसतात, बोलत कुणी नाही. त्या मेलेल्यांत दुसऱ्या रांगेत रेमो होता. मधेच तो खिशातून काहीतरी काढून तोंडात टाकतो. मालिकेच्या भक्तांनी ठरवून टाकलं, की हा मीठ खातोय. झालं, तो मिठाचा राखणदार झाला. त्याच्यावर कथा लिहिल्या गेल्या, त्याचे पुतळे विकले गेले. आणि शेजारी बसलेली बाई ती अर्थातच त्याची बायको, असं त्यांच्या वेबसाइटवर लिहिलेलं आहे.

"मीठ?" इल्डा म्हणाली. "खोकल्याच्या गोळ्या होत्या त्या. वादन चालू असताना खोकणाऱ्यांना द्यायला ठेवायचा तो."

"मला ठाऊक आहे गं. त्यांना कुठे ठाऊक आहे?"

इल्डाने आपला कप जरा जोरातच खाली ठेवला. कारण ती खुर्ची तिची होती.

शूटिंगला माणसं कमी पडली तेव्हा मॅनेजरने कर्मचाऱ्यांनाच बसवलं होतं. करड्या कफन्या, चेहऱ्याला राख. रेमो तेव्हा रंगमंचामागे सामान लावायचं काम करायचा. तो आणि इल्डा शेजारी शेजारी बसले. दुपारच्या आत सोडतो म्हणाले होते, पण सिनेमावाल्यांची दुपार कधी व्हायची ती व्हायची. आणि तो दिवस नेमका टोमॅटोचा. ऑगस्टच्या शेवटी घरोघरी सॉस करून वर्षभराच्या बाटल्या भरायचा दिवस. घरी गॅरेजमध्ये टोमॅटोचे क्रेट पिकून पडले होते, आणि सासूबाई एकट्या भल्यामोठ्या पातेल्यापाशी उभ्या होत्या. पहिलं दृश्य झाल्या झाल्या इल्डा उठली. "चल," ती रेमोला म्हणाली. "थांब की, जेवण देणार आहेत," तो म्हणाला. जेवण देणार आहेत! घरी टोमॅटो सडतायत आणि या माणसाला फुकटच्या सँडविचचं पडलंय. इल्डा तणतणत निघून गेली. खुर्ची रिकामी दिसली म्हणून कुणीतरी खालून मॉरीनला आणून तिथे बसवलं. झालं ते एवढंच.

ती मालिका इल्डाने कधी पाहिली नाही. रेमोनेही नाही. पातेल्याच्या बुडाला सॉस करपला होता, त्यावरून सासूबाई पुढे कैक वर्षं बोलत राहिल्या. तो दिवस त्या घरात लक्षात राहिला तो तेवढ्यासाठी.

"मी सांगते त्यांना," मॉरीन म्हणाली. "खरी बायको ही आहे म्हणते."

"कशाला? बस की तू. केस सेट करून जा चांगले."

"अगं, तू रागावलीस."

"मी कशाला रागावू? खोट्या ग्रहावरचा खोटा नवरा. लखलाभ होवो."

पण बसमधून घरी जाताना तिला हुंदका आवरेना. रेमो गेला तेव्हा अंत्यविधीला आले ते शेजारी, त्याच्यासोबत बोचे हा इटालियन चेंडूंचा खेळ खेळणारे चार म्हातारे आणि हॉलमधली मंडळी. लोकांनी पुतळे करावेत असा तिचा नवरा कधी कुणाला वाटला नव्हता. आता कुठे तो जगाला आवडतो असं कळलं, तर त्याच्या शेजारी मॉरीन. तिला ती खुर्ची हवी होती. एकच दुपार, लोकांसमोर, त्याची बायको म्हणून. पण आपण होऊन मागायची म्हणजे नाक खाली करायचं, आणि इल्डाचं नाक त्या कामासाठी बनलेलंच नव्हतं. तिने दुसरं केलं. रविवारच्या कामाला स्वतःचं नाव लावून घेतलं. बाल्कनी.

रविवारी ती मंडळी आली. करड्या कफन्या घातलेले, कपाळाला राख लावलेले, प्रत्येकाच्या कमरेला मिठाची पुरचुंडी. त्यांचा म्होरक्या लॉर्न नावाचा दाढीवाला धिप्पाड गडी होता. एरवी तो सॅस्काटूनहून लांब पल्ल्याचे ट्रक चालवायचा, आणि त्याची कफनी त्याच्या आईने शिवून दिली होती.

इल्डा त्यांना फाडून खायच्या तयारीने दारात उभी होती, पण ते काही तिला जमेना. ही माणसं बाल्कनीच्या पायऱ्या चढताना आपोआप हळू बोलू लागली. एका बाईने कठड्याला हात लावला आणि डोळे पुसले. नाहीतर महागडी तिकिटं काढून येणारे लोक. उशिरा यायचं, चॉकलेटचे कागद चुरचुरवायचे, आणि शेवटचा सूर विरायच्या आत कोट शोधायला लागायचं. बेलमाँटमध्ये कसं शिरावं हे इतक्या वर्षांत कुणाला कळलं असेल तर या खुळ्यांना, असं इल्डाला वाटलं. तसं वाटल्याचा तिला रागही आला.

मॉरीन जांभळा स्वेटर घालून दुसऱ्या रांगेत जाऊन बसली. शेजारची रेमोची खुर्ची मोकळी ठेवलेली होती आणि तिच्यावर कुणीतरी फुलं ठेवली होती. मॉरीन अवघडून बसली होती, हे इल्डाला मागूनही दिसत होतं.

दिवे मंद झाले. रंगमंचावरच्या पडद्यावर हीच बाल्कनी उजळली.

आणि रेमो दिसला. घराएवढा मोठा. केस अजून काळे, तोंडात गोळी, एक गाल थोडा फुगलेला. त्याला हलताना पाहायची आता सवयच राहिली नव्हती. घरात होते ते फोटो, आणि फोटोत तो नेहमी पोट आत घेऊन उभा असायचा.

मग तिने त्याच्या शेजारी पाहिलं. तिथे मॉरीन नव्हती. राख फासलेली, कपाळाला आठ्या घातलेली ती स्वतः बसली होती.

दृश्य बदललं. कप्तानचा चेहरा आला, मग पुन्हा बाल्कनी. आता शेजारी मॉरीन. सभागृहातले सगळे एका सुरात हळूच पुटपुटले, "अजून नाही."

"हे काय म्हणाले?" इल्डाच्या तोंडून निघून गेलं.

लॉर्न तिच्या पुढेच, पायऱ्यांवर उभा होता. विचारणारी ही नुसती जागा दाखवणारी बाई आहे म्हणून त्याने टाळलं नाही, उलट त्याला आनंदच झाला. त्याने हात वर करून पडद्यावरचं चित्र थांबवायला सांगितलं.

"त्याचं असं आहे मॅडम, बाल्कनीतले सगळे मेलेले. ते मालिकेतच सांगितलंय. मग पहिल्या दृश्यातली ही बाई पुढच्या दृश्यात गेली कुठे? लोक म्हणतात, शूटिंगवाल्यांची चूक. आम्ही नाही मानत. आमचं म्हणणं, ती मेलेलीच नाही. ती त्याला फक्त भेटून गेली. तिचं तिकडे जिवंत माणसांत काहीतरी काम राहिलंय. म्हणून आम्ही तिचं नाव ठेवलंय, अजून-नाही."

"आणि ही मॉरीन?"

"त्या सोबतीला. पूर्वजांच्या सभेत कुणी एकटं बसत नाही."

"मग तुमच्या वेबसाइटवर ती बायको कशी?"

लॉर्नने दाढी खाजवली. "आमच्यात दोन तट आहेत. वेबसाइट पडली त्यांच्या हातात. मला विचाराल तर बायको ही पहिलीच. जरा मागे घ्या रे ते दृश्य. हां. बघा ना, तो कसा बघतोय तिच्याकडे."

इल्डाने पाहिलं. पडद्यावरची इल्डा मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होती, चेहऱ्यावर टोमॅटोच टोमॅटो. आणि रेमो तिच्याकडे बघत होता. खाली कप्तानकडे बघायचं असं सगळ्यांना बजावलेलं होतं, त्याने ते ऐकलं नव्हतं. घरी कुणी रागावलं की तो जसा मान कलती करून बघायचा, थोडासा हसू दाबत, तसा बघत होता. इतक्या लोकांनी वीस वर्षं ते पाहिलं होतं. जिच्याकडे बघत होता तिनेच तेवढं पाहिलं नव्हतं. तिला इतकं भरून आलं, की क्षणभर पडदाच दिसेना.

"तिचं काय काम राहिलं असेल, यावर आमची आजही भांडणं होतात," लॉर्न सांगत होता. "कुणी म्हणतं जहाजावर तिचं मूल आहे, कुणी म्हणतं लढाई."

"टोमॅटो," इल्डा म्हणाली.

"काय म्हणालात?"

"टोमॅटो होते घरी. क्रेटच्या क्रेट. आणि सासूबाई एकट्या होत्या."

लॉर्न तिच्याकडे वळला. त्याने तिच्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. मग कफनीची टोपी मागे सारली. रांगांमधून एकेक मान वळू लागली. काही जण नुसते उभे राहिले.

मॉरीन तर केव्हाच उठली होती. रांगेतल्या लोकांचे गुडघे ओलांडत ती धडपडत बाहेर आली. तिचे डोळे लाल झाले होते.

"मी सुरुवातीलाच म्हटलं होतं की नाही तुला?" ती म्हणाली. "हट्टी बाई. ये, बस इथे. तुझी जागा आहे ही."

सगळ्यांनी पाय आत घेऊन वाट करून दिली. ती दुसरी रांग, ती फुलांची खुर्ची, आणि तिच्या शेजारची मोकळी जागा. इल्डाने एक पाऊल टाकलं. पडद्यावर रेमो अजून थांबून बघत होता. ती तिथेच थबकली.

तिने मॉरीनच्या स्वेटरची कॉलर नीट केली.

"तू बस, मॉरीन," ती म्हणाली. "त्याला एकट्याला करमत नाही. मला अजून वेळ आहे."