टाच कुठे आपटायची

इटालियन भाषेचा प्राण उच्चारातल्या जोरात असतो आणि तो जोर नेहमी शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो, याला अपवाद नाही, असं सुनील सर गंभीरपणे सांगत. त्यांना अद्याप एकही इटालियन माणूस भेटला नव्हता.

नाशिकच्या कॉलेज रोडला, मिसळीच्या हॉटेलच्या वरच्या मजल्यावर त्यांचा क्लास होता. शब्दाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला टाळी, जोराच्या तुकड्याला शिवाय टाच. का-मे-रिए-रा, म्हणजे वेट्रेस, तिसऱ्याला टाच. खालून हॉटेलवाला गोरक्ष ओरडायचा, “सर, भाषा शिकवताय का झिम्मा? तर्रीत चुना पडतोय!”

सगळ्यात मन लावून टाच आपटायची ती चांदवडची हर्षाली. रोमच्या एका हॉटेलात वेट्रेसची जागा निघाली. घरच्यांनी स्थळ बघून ठेवलं होतं. नोकरी लागली तरच ते थांबणार होते. मुलाखत क्लासमधूनच, लॅपटॉपवर. सर कॅमेऱ्याबाहेर बसले.

पडद्यावरच्या टकल्या गृहस्थांनी प्रश्न विचारला. हर्षालीनं टाळ्या वाजवत, टाच आपटत उत्तर दिलं. गृहस्थ थबकले. मग टेबलाला ‘तावोलो’ म्हणाले, तेही पहिल्याच अक्षरावर जोर देऊन. यांचं इटालियन जरा कच्चं दिसतंय, असं सरांच्या मनात आलं.

“सर, हे कोणी शिकवलं विचारतायत,” म्हणत हर्षालीनं अभिमानानं लॅपटॉप वळवला.

गृहस्थ हसून काहीतरी बोलले. सरांना एकही शब्द कळला नाही. त्यांनी टाळ्या-टाचेसकट पहिला धडा म्हटला: माझं नाव सुनील, मी नाशिकला राहतो. गृहस्थांनी तेच पुन्हा विचारलं, हळू. सरांनीही तेच पुन्हा म्हटलं, मोठ्यानं.

“सर,” हर्षाली पुटपुटली, “पंखा बंद करा म्हणतायत. आवाज येतोय.”

सरांचे कान तापले. पंखा बंद करून ते बटणापाशीच उभे राहिले, भिंतीकडे तोंड करून. मागे हर्षाली बोलत होती. आता टाळ्या नव्हत्या. ‘तावोलो’ ती त्या गृहस्थांसारखंच म्हणाली.

“तुला कळलं कसं गं?” नंतर त्यांनी भिंतीलाच विचारलं.

“मोबाइलवर इटालियन लोकांच्या रेसिपी ऐकते ना, सर. पण पाया तुमचाच हं.”

खाली आवाज गेला नव्हता, म्हणून गोरक्ष वर डोकावला. “आज झिम्मा नाय का, सर?”

सरांनी पंखा पुन्हा लावला.

हर्षालीची निवड झाली. त्या हॉटेलात कामाची भाषा इंग्रजी आहे.