जन्मानंतर पाठवा

“प्रियदर्शनी, एकाच कंपनीच्या बंद साच्यात वेबसाइट नको बनवू. उद्या काही बदलायचं झालं तं त्याइचेच पाय धरा लागन,” अकोल्याच्या पायलने मैत्रिणीला बजावलं होतं.

“मले काय मॉल खोलायचा आहे? झबली-टोपरी तं विकायची आहेत!” अमरावतीची माझी मालकीण हसली, आणि मांडीवरच्या लेकराला थोपटत तिने मला त्या साच्यात बसवलं.

मित्रांनो, मी तीच बाळंतविड्याची वेबसाइट. आता जुनी झाले आहे. तेव्हा माझ्या दुपट्यांच्या फोटोंचं फार कौतुक व्हायचं. प्रियदर्शनी मात्र तापातल्या पोराच्या कपाळाला हात लावावा तशी मला सारखी उघडून बघायची. चालते ना? बंद नाही ना पडली?

आपल्याकडे बऱ्याच घरांत बाळ जन्मायच्या आधी त्याचे कपडे आणत नाहीत; ऑर्डर आधी दिली तरी पार्सल जन्मानंतरच हवं असतं. माझ्या साच्याला हे ठाऊक नव्हतं. ऑर्डर थांबवून ठेवायची सोयच त्यात नव्हती. पार्सल वेळेत निघालं नाही तर ऑर्डर रद्द. म्हणून तिने घाईघाईत एक पार्सल परतवाड्याला धाडलं. तिथली सून अजून बाळंत व्हायची होती. सासूबाईंचा फोन आला, “काहून वं बाई, लेकरू व्हायच्या आधीच झबले धाडून राहिली? तुह्या घरी कोणी मोठं माणूस नाही का?”

अशा तक्रारी वाढल्या, गिऱ्हाईक तुटू लागलं. कंपनीने कळवलं, बदल करता येणार नाही.

“सांगतलं होतं ना तुले?” म्हणत पायल आली. तिने मला नव्या घरी, एका फुकट मिळणाऱ्या मुक्त (ओपन सोर्स) प्रणालीवर नेलं. ही प्रणाली कुणा एकाची नाही. तिची घडण कुणालाही बघता येते, बदलता येते.

“फुकट आहे म्हणजे बेवारस तं नाही ना?” प्रियदर्शनी धास्तावली.

“बेवारस कायची? जगभरचे लोक सांभाळतात. तू बी सांभाळ. सुधारणा आली की लगेच घाल, बॅकअप ठेव.”

त्या लोकांच्या ऑनलाइन चर्चेत प्रियदर्शनीने आपली अडचण मांडली, आणि कुणा अनोळखी माणसाने मला एक नवी सोय लिहून दिली: ‘जन्मानंतर पाठवा’. घरच्यांनी ‘बाळ आलं’ हे बटण दाबलं की मगच पार्सल निघतं. किती घरांची पहिली बातमी मला कळली!

पण मोर्शीच्या कौशल्याताईंची ऑर्डर अजून थांबलेली आहे. त्यांनी सांगितलेली स्वतःच्या बाळंतपणाची तारीख केव्हाच उलटली. बटण दाबलं गेलेलं नाही. प्रियदर्शनी फोन हातात घेते, नंबर काढते, आणि ठेवून देते.

“विसरली असन वं,” पायल म्हणते.

“आणि नसन विसरली तं? कोणत्या तोंडानं विचारू?”

मित्रांनो, आम्हा यंत्रांना सांभाळाल तर आम्ही हवं तितकं थांबू. पण गप्प राहिलेल्या माणसाला काय झालं, ते आम्हाला कळत नाही. मोर्शीला तुमचं कुणी असेल, तर कौशल्याताईंच्या दारात जरा डोकावून याल का? पार्सलचं नाव काढू नका. “ताई, तुम्ही बऱ्या आहात ना?” एवढंच विचारा.