पडद्याची मागची बाजू

भाताची झोडणी आटोपली, पेंढा माचावर चढला, की कापडे गावात एकच चौकशी सुरू व्हायची: सईदभाय कधी येतोय? सईद महाडचा. पोलादपूर ओलांडून त्याचा टेंपो आत वळला, की भोंग्यातलं गाणं त्याच्याआधी गावात पोचायचं. टेंपोत मशीन, जनरेटर, रिळांचे डबे, कनातीचे बांबू आणि ह्या सगळ्या पसाऱ्यावर पाय सोडून बसलेला ऑपरेटर सदू. पुढे सईदच्या शेजारी, मांडीवर स्टोव्ह घेऊन त्याची बायको हफिजा. गावातल्या रखमाच्या मोकळ्या शेतात बांबू रोवले, पांढरं कापड ताणलं, नारळ फोडला की झालं टुरिंग टॉकीज. वर आभाळ, खाली ढेकळं, आणि म्हणायचं थेटर!

ह्या थेटराची एक गंमत होती. पडद्यापुढे जमिनीवर बसायची ती पायी आलेली माणसं. पण वरच्या वाड्यांवरून लोक बैलगाड्या जुंपून यायचे. कुणी टेंपोतून, कुणी सौदीहून सुट्टीवर आलेल्या भावाच्या नव्या जीपमध्ये कोंबून घेऊन. त्या गाड्या पुढे लावल्या तर बाकीच्यांनी बघायचं काय, बैलांची वशिंडं? म्हणून सईदनं गाडीवाल्यांना पडद्याच्या मागे जागा दिली. कापड पातळ, त्यामुळे चित्र मागूनही छान उमटायचं. फक्त सगळं उलटं दिसायचं, म्हणून तिकीट अर्धं.

पण मजा खरी मागेच होती. पुढे शिट्ट्या, धक्काबुक्की, विडीचा धूर. मागे गाडीतल्या पेंढ्यावर गोधडी टाकून बायका ऐसपैस बसायच्या, भाकरी सोडायच्या, रडकं पोर पदराखाली घेऊन पिक्चर बघायच्या. पिक्चरमधला नायक त्यांना डाव्या हातानं जेवताना दिसायचा आणि डाव्याच हातानं खलनायकाच्या मुस्काटात ठेवून द्यायचा. रखमाची तर ठाम समजूत होती, की पिक्चरमधली माणसं झाडून सगळी डावखुरी असतात. एकदा ती मुंबईला दिराकडे गेली. तिथल्या टॉकीजात तिला उजव्या हातानं जेवणारा नायक दिसला. परत आल्यावर हफिजाला म्हणाली, "शेरातला पिक्चर नकली हाय गो! आपला तोच खरा."

ह्या मागच्या राज्याची राणी हफिजा. गाडीवाल्यांची तिकिटं तीच फाडायची, कनातीखालून घुसणाऱ्या पोरांचे कान तीच पिळायची, आणि मग टेंपोच्या फळीवर बसून पिक्चर बघायची. लग्न होऊन आल्यापासून हंगामामागून हंगाम तिनं असाच काढला. नवऱ्याचा पडदा तिनं समोरून कधी बघितलाच नाही. मागची बाजू सोडायची कुणाच्या भरवशावर?

"समोरून कसा दिसतो हो?" ती कधीतरी विचारायची.

"तसाच. जरा सुलटा," सईद हसायचा. "पुढच्या हंगामात तुला खुर्ची टाकतो. पहिल्या रांगेत. बेगमसारखी बस."

पुढचा हंगाम यायचा आणि मागच्या बाजूला पुन्हा गाड्यांची दाटी व्हायची. महाडच्या टॉकीजात जाऊन ये म्हटलं, तर हफिजा फणकारायची, "हलवायाच्या बायकोनं जिलेबी दुसऱ्याच्या दुकानातली खायची काय?" तिला बघायचा होता तो स्वतःच्या घरचा पडदा. तिचं म्हणणं रास्तच होतं, आणि सईदनं ते नेहमी हसण्यावारी नेलं.

मग दिवस फिरले. आधी पोलादपुरात घरांवर टीव्हीच्या तबकड्या उगवल्या. मग मुंबईची पोरं मे महिन्यात येताना टीव्ही आणि सीडीचं मशीन भाड्यानं घेऊन यायला लागली. एका पडवीत अख्खी वाडी बसायची, पिक्चरवर पिक्चर लावायची आणि गाणं आवडलं की मागे नेऊन पुन्हा बघायची. सईदच्या मशीनला काही मागे जाता येत नव्हतं. बैलगाड्या तर त्याआधीच गेल्या होत्या, बैल सांभाळणार कोण? पडद्याच्या मागे एखादी जीप लागायची, तीही कधीमधी. सईद मार्चात महाडच्या तळ्यावरच्या मेळाव्याला माणसं ने-आण करायचा, एरवी विटा वाहायचा, आणि त्यातून मिळालेलं थेटरात घालायचा. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजाव्यात, पण लष्कर तरी समोर हवं!

त्यांचा मुलगा मुदस्सर सौदीत दमामला होता. तो दर शुक्रवारी फोन करायचा. "अब्बा, ते मशीन भंगारात द्या. टेंपो मालाला लावा. कशाला जीव जाळता?"

"देणार," सईद म्हणायचा. "तुझ्या अम्मीला एकदा पुढं बसवतो आणि देतो."

सुरुवातीला ते नुसतं तोंडी लावणं होतं. पण हफिजाच्या डोळ्यांचं निघालं आणि त्या शब्दाला वजन आलं. दिव्याभोवती तिला रंगीत कडी दिसायला लागली, मग उंबऱ्यावर पाय अडखळायला लागला. महाडच्या डॉक्टरनं मुंबईला पाठवलं. तिथल्यांनी सांगितलं, काचबिंदू आहे. गेली ती नजर परत यायची नाही, उरली ती सांभाळा. औषधाचे थेंब दिले. सईद सकाळ-संध्याकाळ थेंब घालायचा आणि विचारायचा, "दिसतं ना?"

"दिसतं हो. न दिसायला काय झालं?" हफिजा म्हणायची. घरात ती चहा करायची, तांदूळ निवडायची, खुंटीवरचा त्याचा शर्ट काढून हातात द्यायची. सईदचा जीव भांड्यात पडायचा. तरी मनात एकच लागून राहिलं होतं: हिची नजर जायच्या आत हिला पुढे बसवायचं. खेडचा भंगारवाला दोनदा येऊन मशीन बघून गेला. सईदनं त्याला दोन्ही वेळा चहा पाजून परत पाठवलं.

शिमगा झाल्यावर त्यानं मनावर घेतलं. हफिजाचा सगळ्यात आवडता होता तो बोटीचा पिक्चर. बहीण बंदरावर उभी राहून वर्षानुवर्षं भावाची वाट बघते, आणि शेवटी त्याची बोट येते, एवढीच गोष्ट. पण मागच्या बाजूच्या बायका त्याला इतक्या रडायच्या, की बैल कान टवकारायचे. त्याची प्रिंट मिळवायला सईदनं मुंबईच्या वितरकांचे उंबरे झिजवले. मिळाली ती ओरखड्यांनी भरलेली, पण मिळाली. सदू आता रिक्षा चालवायचा, तो रिक्षा घरी लावून आला. रखमानं शेत झाडून ठेवलं. सईद नि सदू भोंगा लावून गावभर फिरले, तेव्हा जुन्या ओळखीनं थोडी म्हातारीकोतारी आली. बाकी गाव आपापल्या टीव्हीपुढे होतं.

दिवेलागणीला सईदनं लाल खुर्ची पहिल्या रांगेत मांडली. रखमा हफिजाला हाताला धरून घेऊन आली आणि तिनं तिला खुर्चीत बसवलं. मैत्रिणी आहेत, हात धरणारच, असं सईदला वाटलं. हफिजानं निकाहातली ओढणी पेटीतून काढून पांघरली होती. सदूनं मशीन चालू केलं, आणि सईद खुर्चीशेजारी उभा राहिला. आज त्याला पिक्चर बघायचाच नव्हता. तो बायकोचा चेहरा बघत होता.

तो चेहरा उजळला होता. बहीण भांडली तशी हफिजाच्या कपाळाला आठी पडली, सासू पडली तशी ती खुदकन हसली. "किती मोठं दिसतं हो!" ती म्हणाली. सईदला वाटलं, आपल्या हातून उभ्या जन्मात एक काम तरी धड झालं. इतका आनंद त्याला पहिला टेंपो घेतला तेव्हाही झाला नव्हता.

मग शेवट आला. बोटीचा भोंगा वाजला आणि हफिजानं सईदची बाही ओढली. "ती बघा! आली, आली बोट!" तिनं हात केला तो डावीकडे. मानही तिकडेच वळवली आणि डोळे भरून ती तिकडे बघत राहिली.

सईदनं पडद्याकडे पाहिलं. बोट उजवीकडून येत होती.

मागून बघणाऱ्याला ती डावीकडून यायची. हफिजाला ती तशीच माहीत होती. समोर बसून ती पडद्यावरचं काहीच बघत नव्हती. आवाज ऐकत होती आणि मागच्या बाजूनं बघितलेला सगळा पिक्चर मनात पुन्हा उभा करत होती. बोट आता पडद्याच्या मधोमध आली, भाऊ धक्क्यावर उतरला, बहीण धावली. हफिजा अजून डाव्या कोपऱ्याकडे बघून हसत होती.

सईद खुर्चीशेजारी ढेकळांत बसला आणि तोंडात रुमाल कोंबून रडला. गाण्याचा आवाज मोठा होता म्हणून बरं. मागून रखमा आली, त्याच्याजवळ वाकली आणि कानाशी पुटपुटली, "भाऊ, शिमग्याच्या आधीच समदं गेलंय तिचं. मला शपथ घातलीन व्हती. म्हणली, त्यांना कळलं तर ते मशीन कधीच इकायचे नायत. जन्मभर मनाला लावून घेतील."

पडदा पांढरा झाला. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि ते गुडघे धरून उठले. हफिजानं ओढणीनं डोळे पुसले.

"झालं हो माझं बघून," ती म्हणाली. "समोरून लय चांगला दिसतो. आता काय मागं राह्यलं नाय. उद्या त्या खेडवाल्याला बोलवा नि देऊन टाका."

सईदनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. दिसत नसताना ही एवढा वेळ हसली, रडली, ते आपल्याला मोकळं करायला. खरं बोललो तर हिची सगळी मेहनत मातीत जाईल. आणि खोटं बोलायचं, तर ते तरी किती दिवस? घरात, उंबऱ्याशी, चुलीपाशी ही एकटी चाचपडत राहणार आणि आपण 'दिसतं ना' विचारत राहणार.

"देतो," तो म्हणाला. "उद्याच देतो."

सदू दोर सोडत होता. सईदनं हफिजाचा हात धरला आणि ती दोघं शेतातून टेंपोकडे निघाली. थोडं चालल्यावर तो थांबला.

"पाय उचल," तो हळूच म्हणाला. "बांध हाय."

हफिजा जागच्या जागी उभी राहिली. तिच्या हाताची पकड घट्ट झाली. मग तिनं पाय उचलला.