दोन पानांची दुरुस्ती

मॅडमनी बावीस वर्षं एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवला होता. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत लागलेला शोध कारखान्यापर्यंत पोहोचतो कसा, आणि बहुतेक वेळा पोहोचत का नाही? अर्थशास्त्राच्या विभागात बाकीचे लोक महागाई नाहीतर बँका घेऊन बसले होते. मॅडम मात्र तंत्रज्ञान हस्तांतरण कार्यालयं पालथी घालत होत्या. त्या कार्यालयांचं नाव मोठं आणि खोली लहान. एक कपाट, दोन टेबलं आणि नोंदवह्या. कुठल्या शास्त्रज्ञाने काय शोधलं, पेटंट कधी मिळालं, कुठल्या कंपनीने वापरण्याचा परवाना घेतला, हे सगळं त्यांत लिहिलेलं.

कॉम्प्युटर यायच्या आधी मॅडमनी अकरा विद्यापीठांत जाऊन, स्टुलावर बसून, त्या नोंदी हाताने उतरवून घेतल्या होत्या, दर विद्यापीठाची एक वही. त्यावर पुस्तक लिहिलं. पुस्तकाला मान मिळाला, वाचक जेमतेम दीडशे मिळाले, आणि त्यातलेही निम्मे परीक्षेपुरते.

याच कामात त्यांना एक विद्यार्थिनी मिळाली. जिथे आकडे दिसतील तिथून उचलून आणायची आणि पिशवीत कोंबायची, म्हणून सगळे तिला खारूताई म्हणत. मॅडमनी तिला पीएच.डी.ला घेतलं, वाक्य कसं लिहायचं ते शिकवलं, नोकरीसाठी शिफारशीची पत्रं लिहिली. ती दुसऱ्या विद्यापीठात रुजू झाली तेव्हा मॅडमनी अभिमानाने सगळ्यांना सांगितलंही होतं. पोरगी लांब होती तोवर अभिमान सोपा होता.

मग एके दिवशी एका मोठ्या जर्नलकडून त्यांच्याकडे एक निबंध तपासायला आला. लेखकाचं नाव झाकलेलं होतं, पण दुसऱ्या पानावरच मॅडमनी ओळखलं. ती वाक्यं त्यांनीच तर घडवली होती.

निबंधात म्हटलं होतं, शोध कागदावरून जात नाही, माणसाबरोबर जातो. शास्त्रज्ञ स्वतः चार-सहा महिने कारखान्यात जाऊन राबला, तर त्याच्या शोधाला तिपटीने जास्त परवाने मिळतात. साधी, सरळ, लख्ख गोष्ट. मॅडमनाही हा संशय पंधरा वर्षांपूर्वी आला होता. त्यांनी तो पुस्तकाच्या सहाव्या प्रकरणात, तळटीप म्हणून, चार ओळींत लिहून ठेवला होता. या पोरीने त्या चार ओळींवर माडी चढवली होती. आणि तळटीपेचा उल्लेखही केला होता, पान क्रमांकासकट, आदराने. तेच जास्त झोंबलं. चोरी केली असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

एकतिसाव्या पानावर मॅडम थबकल्या.

तिथल्या तक्त्यात जुन्या वर्षांचे परवाने जरा जास्तच दिसत होते. त्यांनी कपाटातून आपली तिसरी वही काढली आणि दहा मिनिटांत त्यांना चूक सापडली. पूर्वी परवान्याची मुदत वाढवली की कार्यालयं त्याला नवीन नंबर देत. म्हणजे एकच परवाना वहीत दोनदा, कधी तीनदा यायचा. एका हेडक्लार्कनी हे मॅडमना चहा पिताना सांगितलं होतं, छापील असं कुठेच नव्हतं. खारूताईने नंतर कॉम्प्युटरवर चढवलेली यादी घेतली होती. तिला ते कळणार कसं? ज्या परवान्यांसोबत शास्त्रज्ञ गेला होता ते जास्त टिकायचे, त्यांची मुदत जास्त वेळा वाढायची, म्हणून नेमके तेच आकडे फुगले होते.

त्या दिवशी जेवताना मॅडम खुशीत होत्या. नवरा दातांचा डॉक्टर. तळमजल्यावरच त्याचा दवाखाना. त्याने विचारलं, "काय सापडलं?"

मॅडमनी सांगितलं.

"मग कळव की."

"कळवणार आहे."

"कधी?"

"योग्य वेळी."

"कीड योग्य वेळेची वाट बघत नाही बाई. आत आत जात राहते."

"प्रत्येक गोष्टीत दात आणू नकोस," मॅडम म्हणाल्या आणि ताट उचलून आत गेल्या.

चार दिवसांनी त्यांनी जर्नलला अभिप्राय पाठवला. दोनच ओळी. काम उत्तम आहे, छापावं.

निबंध छापून आला आणि गाजला. वर्तमानपत्रांनी चौकटी छापल्या. विज्ञान धोरण ठरवणाऱ्या समितीवर खारूताईची नेमणूक झाली. त्या समितीवर आज ना उद्या आपल्याला बोलावतील अशी वाट मॅडमनी किती वर्षं पाहिली होती. विभागप्रमुख येता-जाता म्हणायचे, "तुमची विद्यार्थिनी ना हो? नाव काढलंन तुमचं!" मॅडम हसायच्या आणि खोलीत येऊन दार लावून घ्यायच्या. आयुष्यभर विहीर आपण खणली आणि पाणी हिच्या घागरीत, असं वाटून त्यांचा जीव जळायचा. मग त्या तिसरी वही काढून ते पान पाहायच्या. बरं वाटायचं.

नऊ महिन्यांनी परिषद भरली. खारूताई निबंध मांडणार होती आणि त्यावर बोलायला आयोजकांनी मॅडमना बोलावलं होतं. सभागृहाच्या दाराशीच खारूताई धावत आली.

"मॅडम! तुम्ही बोलणार हे कळल्यापासून मला घास गिळवत नाहीये. काही चुकलं असेल तर झोडा हं मला, भीड धरू नका."

"बघू," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी भीड धरली नाही. वहीचं पान पडद्यावर दाखवलं, एकाच परवान्याचे तीन नंबर एकाखाली एक वाचून दाखवले, आणि शांत आवाजात म्हणाल्या, "पाया तपासल्याशिवाय माडी चढवू नये." पहिल्या रांगेत कुणीतरी हसलं.

खारूताई उठली. "मॅडम, ती वही बघू?"

दोनशे माणसांसमोर ती वहीवर वाकून उभी राहिली. बोट ओळींवरून फिरत होतं. मग तिने माईक ओढला.

"मॅडमचं बरोबर आहे. माझे आकडे फुगलेत. किती, ते आत्ता सांगता येणार नाही. सहा आठवड्यांत सांगते."

सभागृहाने टाळ्या वाजवल्या. आधी थोड्या, मग जोरात. त्या मॅडमसाठी नव्हत्या. चूक दाखवली मॅडमनी आणि टाळ्या घेतल्या चुकणारीने. घरी येईपर्यंत त्यांना दुसरं काही सुचलं नाही.

सहा आठवड्यांनी खारूताई मॅडमच्या घरी आली. तिपटीचं जेमतेम दुप्पट झालं होतं, पण मुद्दा उभाच राहिला होता. तिने दोन पानांची दुरुस्ती लिहून आणली होती. वर दोन नावं.

"तुमचं पहिलं ठेवलंय."

"माझं नको."

"असं कसं? चूक तुम्ही शोधलीत."

खालून दवाखान्यातल्या यंत्राचा चिरका आवाज येत होता. तो थांबला. नाव नाकारायला सबब तयार होती. पण समोर तो कागद होता, आणि त्यावर त्यांचं नाव पहिलं होतं.

"तुझा निबंध तपासायला माझ्याकडेच आला होता," त्या म्हणाल्या.

खारूताईला अर्थ लागायला वेळ लागला. "म्हणजे छापायच्या आधीच तुम्हाला..."

"हो. एकतिसावं पान."

"एक ओळ लिहिली असतीत तर मी आठवड्यात नीट केलं असतं."

"माहीत आहे."

"मग का?"

"हेवा वाटला तुझा."

"माझा?" ती जवळजवळ हसलीच. "मॅडम, मी अजून तुमच्यासमोर बसताना पाठ ताठ करते." मग ते हसू विरलं. "दोनशे लोकांसमोर हो..."

मॅडमनी मान खाली घातली. खारूताईने कागद गोळा केले.

"नाव राहू दे. चूक तुम्ही शोधलीत हे खरंच आहे. कधी शोधलीत ते मी कुणाला सांगणार नाही. पण मला कळलंय."

चहा तसाच ठेवून ती गेली.

मॅडमनी जर्नलच्या संपादकांना पत्र लिहिलं: चूक दिसूनही मी लपवली, यापुढे मला निबंध तपासायला पाठवू नयेत. उत्तर एका ओळीचं आलं: नोंद घेतली. मग त्यांनी अकराही वह्या खोक्यात भरून खारूताईच्या विभागाला देऊन टाकल्या. पोचपावती आली, त्यावर फक्त कार्यालयाचा शिक्का होता.

दुरुस्तीची ती दोन पानं जगभर वाचली गेली. जुन्या नोंदी कशा वाचाव्यात याचा दाखला म्हणून प्रत्येक जण त्यांचा उल्लेख करू लागला. मॅडमच्या पुस्तकाला इतक्या वर्षांत मिळाले नव्हते तेवढे वाचक त्या दोन पानांना दोन वर्षांत मिळाले. लोक अभिनंदन करत. मॅडमना प्रत्येक अभिनंदन गिळावं लागे.

खारूताईचा फोन अधूनमधून यायचा, पण कामापुरता.

"सातव्या वहीत समासात 'मा. घे.' असं लिहिलंय. म्हणजे काय?"

"माघार घेतली. कंपनीने."

"बरं. थँक यू, मॅडम." आणि फोन बंद. पूर्वी ती अर्धा तास बोलायची. नव्या घराचं, आईच्या गुडघ्याचं, काहीबाही. आता मॅडम फोन ठेवल्यावरही जरा वेळ तिथेच बसून राहत.

त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी बातमी आली. देशातल्या सर्वांत जुन्या विद्यापीठाने याच विषयाचं नवं अध्यासन काढलं होतं आणि ते खारूताईला दिलं होतं. विभागप्रमुखांनी सूचनेचा कागद आणून टेबलावर ठेवला. "तुम्हाला आधी दाखवावं म्हटलं."

मॅडमनी वाचलं. तोच जुना हेवा पुन्हा उठला, अगदी ताजा, जणू मध्ये काही घडलंच नव्हतं. त्यांना स्वतःचीच कमाल वाटली.

"टाचण्या आहेत का?" त्यांनी विचारलं. मग व्हरांड्यात जाऊन त्यांनी तो कागद फलकाच्या मधोमध लावला, एक कोपरा दुमडत होता तो दाबून सरळ केला, आणि तासाची घंटा झाली म्हणून वर्गावर गेल्या.